आपानं सांभाळलेली तारीख

"गोष्ट नको सांगू भाऊ, तारीख सांग."

माझ्या झेरॉक्सच्या दुकानात कोणीही भाड्याचा करार घेऊन आला की आपाचं पहिलं वाक्य हेच. चष्मा कपाळावर सरकवायची, हात पुढे करायची, आणि समोरचा जे काही रामायण सांगत असेल ते मधेच कापून टाकायची. घरमालक किती चांगला आहे, त्याच्या पोराच्या लग्नात आपण कसे पंगतीत वाढायला होतो, असलं सगळं. "पोराचं लगन झालं ना? मुबारक. आता करार कोन्त्या तारखेले संपते ते बोल." माणूस कागद उलटसुलट करायला लागायचा. कारण तारीख कोणालाच माहीत नसायची.

दारव्ह्याला तुम्ही कधी एसटीतून उतरला असाल तर स्टँडसमोरची दुकानांची रांग पाहिली असेल. तुम्हा-आम्हा बघ्यांना वाटतं, ज्याच्या नावाची पाटी त्याचं दुकान. कुठलं काय! पाटी एकाची, शटर दुसऱ्याचं, आणि चावी कधी कोणाच्या खिशात जाईल याचा भरवसा नाही. ही गोष्ट आमच्या सगळ्या बाजाराला ठाऊक होती, पण ती मनाला लावून घेतली एकट्या आपानं. ती उंचीपुरी, आवाज खणखणीत, डोक्यावर दुपट्टा आणि पायात पोरीनं पुण्याहून पाठवलेले धावायचे बूट. त्या बुटांचा चर्र चर्र आवाज आला की चपलेच्या दुकानदारापासून न्हाव्यापर्यंत सगळे सरळ बसायचे.

आता ती अशी काहून झाली ते सांगतो. ते सांगितल्याशिवाय तिचा राग तुम्हाला फुकटचा वाटेल.

आपाचा नवरा वायंडिंगवाला. सगळा गाव त्याला मिस्त्री म्हणतो. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती मोटारसायकलवर बांधून थेट मिस्त्रीकडे आणायचे. जळालेली तार उपसून काढायची, नवी तांब्याची तार वेटोळं वेटोळं भरायची, वर वार्निश ओतायचं आणि ते वाळू द्यायचं. या कामाला कोरडी जागा लागते आणि रात्री ओढायला शटर लागतं. वार्निशला ओल लागली की मोटार पुन्हा जळते, आणि उघड्यावर ठेवलेलं तांबं सकाळी दिसत नाही. मिस्त्रीची अशी जागा होती, शेठच्या कॉम्प्लेक्समध्ये. शेठचं नाव कशाला घेऊ? गावात शेठ म्हटलं की तोच.

करारात साफ लिहिलेलं होतं: मुदत वाढवून मागायचा हक्क भाडेकरूला, पण मुदत संपायच्या सहा महिने आधी त्यानं लेखी कळवलं पाहिजे. नाही कळवलं तर हक्क गेला. मिस्त्रीनं कळवलं होतं. पण कसं? चहा पिता पिता. "शेठ, आपलं पुढं चालू ठेवाचं हाय बरं." शेठनं बशीतला चहा फुर्रकन ओढला आणि म्हणाला, "अरे मिस्त्री, आपल्यात कागद कायले? घरचाच मानूस हायस तू."

तुम्ही म्हणाल, मिस्त्री बावळट. बावळट नव्हता हो. आमच्याकडे रजिस्टर टपाल येतं ते कोर्टाचं नाहीतर सोडचिठ्ठीचं. ज्याच्यासोबत रोज चहा पितो त्याला रजिस्टर नोटीस धाडायची म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. भला माणूस ते करत नाही. गावातला एकही भाडेकरू करत नव्हता. आणि हे त्या शेठइतकं पक्कं कोणालाच माहीत नव्हतं.

लेखी कळवायची तारीख गेली, आणि लागलीच शेठचं रजिस्टर टपाल मिस्त्रीच्या हातात. मुदतवाढीचा हक्क संपला, मुदतीअखेर जागा खाली करावी. जागेवर मोबाइलचं झगमगतं दुकान आलं. मिस्त्रीनं आपलं वायंडिंगचं यंत्र हातगाडीवर घातलं आणि स्टँडच्या भिंतीला टिनाचा एक पत्रा टेकवून त्याखाली बसला. मोटारी येणं बंद. आता नुसते टेबलफॅन आणि मिक्सर. पाऊस आला की तेही गोणपाटाखाली.

भांडला नाही तो. दुसऱ्या दिवशी शेठ समोरून गेला तर मिस्त्रीनं सवयीनं हात वर केला. "सलाम शेठ." मी स्वतः पाहिलं. माझ्या डोक्याची शीर तडतडली, तर आपाचं काय झालं असेल!

ती सरळ शेठच्या पेढीवर गेली. गिऱ्हाइकं बसलेली, हमाल उभे. ती म्हणाली, "शेठ, दुनियेत सगळेच कोनाचे ना कोनाचे भाडेकरू असते. तुमी बी असानच." शेठ हसला. त्यानं हमालाला सांगितलं, आपाला पाणी दे. ते पाणी ती प्यायली नाही. तिथून ती माझ्या दुकानात आली आणि स्टुलावर बसली. मग म्हणाली, "भाऊ, ह्या मानसाले मी सोडनार नाई. पन त्याच्याच करारानं मारीन."

आपाची पोरगी पुण्याला एका कंपनीत. मोठमोठ्या मॉलमधल्या दुकानांचे करार सांभाळायचं काम. फोनवर आईचं ऐकून ती म्हणाली, "अम्मी, आमच्याकडं यासाठी सॉफ्टवेअर असतं. माणसाच्या भरवशावर कोणी तारीख ठेवतच नाही." तिनं एक साधं स्वस्तातलं शोधून दिलं आणि माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर बसवलं. करार स्कॅन करून टाकायचा. मुदत कधी संपते, कळवायची शेवटची तारीख कोणती, मालकाला भाडं वाढवून मागायचा हक्क कधी येतो, सगळं एकेका रकान्यात भरायचं. वेळ असेल तर ओळ हिरवी. तारीख जवळ आली की पिवळी. डोक्यावर आली की लाल, आणि मग रोज मोबाइलवर घंटी.

त्या दिवसापासून माझा स्टूल गेला. मी उभा, ती बसलेली. "भाऊ, तुयी झेरॉक्स उभ्यानं बी होते," म्हणायची. आधी तिनं शेठच्या कॉम्प्लेक्समधले सगळे भाडेकरू पकडले, मग पूर्ण रांग. लाल ओळ दिसली की बूट वाजवत न्हाव्याच्या दुकानात. अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक खुर्चीत, आणि ही दारातून ओरडते, "उठ बाप्पा, तुयी तारीख पिकली!" तो वस्तरा हातात घेऊन म्हणे, "आपा, मालक नाराज होईन ना. नोटीस कशी धाडू?" हाच तर सगळा घोळ होता. तारीख कळून उपयोग काय, हात तर उचलला पाहिजे!

मग तिनं एक युक्ती काढली. नोटीस रजिस्टर टपालानं टाकायची, आणि त्याच दिवशी भाडेकरूनं पेढ्याचा पुडा घेऊन मालकाच्या घरी जायचं. "नोटीस निघाली हो काका, राग नका मानू, तोंड गोड करा." पहिल्या मालकानं पुडा फेकला. "मी का मेलो का रे, मले टपाल धाडाले?" दुसऱ्यानं कुरकुरत एक पेढा खाल्ला. वर्ष गेलं नाही तोच मालक स्वतः विचारायला लागले, "काहून रे, तुयी नोटीस नाई आली अजून? का सोडून राह्यला दुकान?" हलवायानं तर तयार पुड्यांची थप्पीच लावली. शेठलाही त्याच्या भाडेकरूंचे पेढे आले. मधुमेह होता त्याला. मला तेवढंही गोड वाटलं.

पण हे सगळं तिच्यासाठी नुसता सराव होता. खरी शिकार वेगळीच होती.

यवतमाळ रस्त्यावर शेठचं सोयाबीनचं मोठं गोदाम. गावाला वाटायचं, ते त्याचंच. गेटवर त्याचंच नाव, हातभर अक्षरांत. पण जागा होती यवतमाळच्या एका वकीलकाकूंची, शेठ त्यांना वहिनी म्हणायचा. त्यांचे वकील यजमान वारले आणि सगळे कागद त्यांनी एका पिशवीत कोंबून ठेवले. आपानं ते कुठून हुडकून काढलं देव जाणे. एका सकाळी एसटीनं गेली आणि पिशवी घेऊनच परतली. गोदामाचा करार तिनं वाचला, आणि तुम्हाला सांगतो, ती बाई टाळी वाजवून हसली. मिस्त्रीच्या करारात जे कलम, तेच इथं. शब्द न् शब्द तोच. शेठनं आपल्या भाडेकरूंचे करार याच्यावरूनच उतरवून घेतले होते. इथं तो स्वतः भाडेकरू, आणि लेखी कळवायची तारीख त्याची.

काकूंनाही शेठचा राग होताच. "गेटावर सोताचं नाव टाकलं बाई त्यानं, मले इचारलं बी नाई." पण बाई सरळ. म्हणाल्या, "त्यानं मुदतीत लेखी मागतलं तं मी देईन. करार म्हनजे करार. नाई मागतलं, तं गोदाम मी दुसऱ्याले देते, आन् गेटाजवळची शटरवाली खोली तुह्या नवऱ्याले." आपा म्हणाली, कबूल.

सॉफ्टवेअरमध्ये एक रकाना असतो, आठवण कोणाला पाठवायची. बाकी सगळ्या करारांत ती भाडेकरूचा नंबर टाकायची. गोदामाच्या ओळीत तिनं फक्त स्वतःचा टाकला.

ओळ पिवळी झाली आणि आपा शेठकडे चहाला जायला लागली! बाजार चाट पडला. मीही पडलो. विचारलं, "आपा, हे काय नवीन?" तर म्हणे, "झोपलेल्या मानसाले थापटत राहा लागते भाऊ. नाई तं मधातच उठून बसते." पेढीवर बसून ती शेठच्या नातीचं कौतुक करायची, त्याला गुडघ्याचं तेल सांगायची. एकदा शेठच लाडात येऊन म्हणाला, "आपा, गावाच्या तारखा सांभाळता, माही बी एखादी सांभाळा ना." आपा बशी खाली ठेवत म्हणाली, "शेठ, तुमची तं मी सगळ्यात जास्त सांभाळून राह्यली." घरी जाताना हे मला सांगून तिनं माझ्या काउंटरवर अशी थाप मारली की पेनांचा डबा पडला.

ओळ लाल झालेली असताना शेठ एकदा आधारकार्डाची झेरॉक्स काढायला माझ्या दुकानात आला, आणि नेमकी स्क्रीनवर तीच यादी. सगळ्यात वर त्याचं गोदाम. मी काय करू? पायानं वायरीचं बटण दाबलं. "लाइट गेली शेठ." शेठनं वर पाहिलं. पंखा गरगर फिरत होता. मी म्हटलं, "हा इन्व्हर्टरवर हाय." माझ्याकडे इन्व्हर्टर कधी नव्हताच. शेठ गेला आणि मी अर्धा तांब्या पाणी प्यायलो.

आणि इतकं सगळं जपून जपून केल्यावर घात कोणी करावा? घरच्याच माणसानं.

मिस्त्रीला कुठून तरी कुणकुण लागली. तो पत्र्याखालून उठला, पेढीवर गेला आणि शेठला म्हणाला, "शेठ, गोदामाचं वहिनीले लेखी कळवून टाका. तारीख जवळ हाय." हे त्यानं संध्याकाळी घरी येऊन बायकोला सांगितलं. लपवाछपवी त्याच्या रक्तातच नाही. दुसऱ्या दिवशी आपा दुकानात आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले. "मेरे घर में ही साप पाला मैंने," ती म्हणाली. पहिल्यांदाच ती माझ्यासमोर रडली. रागानं रडली. हातातली करारांची चळत तिनं आपटली आणि म्हणाली, "दोन पावसाळे तो ओल्या गोणपाटावर बसला भाऊ. त्याची खोकल्याची उबळ मी ऐकते, शेठ नाई ऐकत."

मी विचारलं, "पण शेठ काय म्हणाला?"

शेठ हसला होता. "येड्या, वहिनीले मी नोटीस धाडू? घरच्या बाईले? फोनवर सांगतलं ना मी तिले. तुया बायकोनं सगळ्या गावाले टपालाचं येड लावलं." आणि मिस्त्रीसाठी चहा मागवला.

हे ऐकून आपानं डोळे पुसले. हळूहळू तिच्या तोंडावर हसू आलं. तसं हसू मी कोणाच्याच तोंडावर पुन्हा पाहिलं नाही, आणि पाहायची इच्छाही नाही. "सांगतलं होतं तं त्याले," ती म्हणाली. "आता माह्यावर पाप नाई."

तारीख गेली. टपाल आलं नाही. आपानं काकूंना रोज फोन करून खात्री केली, मग काकूंच्या नावानं पत्र तयार केलं. मजकूर नवीन लिहिलाच नाही. शेठनं मिस्त्रीला पाठवलेलं पत्र समोर ठेवलं, नाव-जागा तेवढी बदलली. काकूंनी सही केली. माझ्या मशीनमधून तो कागद गरम गरम बाहेर आला. पोस्टातही आपाच गेली.

शेठ पत्र घेऊन माझ्या दुकानात आला. घामाघूम. "आपा, हे काय होय? मी वहिनीले फोनवर सांगतलं होतं!"

"मिस्त्रीनं बी सांगतलं होतं शेठ. चहा पिता पिता."

"ऐन हंगामात मुदत संपते. माल कुठी ठेवू मी?"

"टिनाचा पत्रा देते एक. भिंतीले लावून बसा."

शेठनं हात जोडले. खोटं सांगत नाही, माझ्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर जोडले. आपानं ते हात नीट पाहून घेतले. मग चष्मा डोळ्यांवर ओढला आणि पुढच्या माणसाला म्हणाली, "हं, बोल. तारीख?"

कोर्टात जातो म्हणून शेठनं धमकी दिली. त्याच्या वकिलानं त्याला समजावलं, की याच कलमावर तुम्ही अर्धा बाजार उठवलाय, ते सगळे साक्षीला उभे राहतील. करार संपला तसं शेठनं गोदाम खाली केलं. गेटवरचं नाव खरवडताना आपा समोर उभी होती. मीही गेलतो. दुकान बंद करून गेलतो. उगाच साधूचा आव कशाला आणू? मला त्या दिवशी पंचपक्वान्न जेवल्यासारखं वाटलं.

गेटाजवळच्या खोलीची चावी मिळाली. आपानं भिंती रंगवल्या, वायंडिंगचं यंत्र आणून बसवलं, तेलपाणी केलं. एक लाकडी खुर्चीही आणली स्वतःसाठी, पाठ टेकता येईल अशी. मग ती मिस्त्रीला बोलवायला गेली.

मिस्त्री पत्र्याखालून हलला नाही. "कोनाले उठवून मी नाई बसनार," एवढंच म्हणाला.

"तुम्हारी शराफत में आग लगो!" आपा भर स्टँडवर ओरडली. तिकिटाच्या रांगेतली माणसं वळून पाहायला लागली. तिनं विनवलं, शिव्या दिल्या, पुण्याहून पोरीला बोलावलं. तो ऐकेना. मऊ माणसाचा हट्ट फार वाईट असतो हो. कडक माणूस कधीतरी मोडतो तरी.

मग आपा एकटीच ती खोली उघडायची. माझा स्टूल मला परत मिळाला. ती तिथं खुर्चीत बसून लोकांच्या तारखा पाहायची आणि शेजारी ते यंत्र नवऱ्याची वाट पाहत पडलेलं. ती रोज त्याच्यावरून फडकं फिरवायची. मी एकदा म्हटलं, "आपा, सूड तर घेतला ना. आता जाऊ दे." ती फडकं झटकत म्हणाली, "सूड त्याच्यासाठी घेतला भाऊ. आन् तोच घेऊन नाई राह्यला." त्या पावसाळ्यात मिस्त्री पुन्हा भिजला आणि ती कोरड्या खोलीत बसून भिजली.

मागच्या उन्हाळ्यात आपा गेली. दुपारी छातीत दुखतं म्हणाली. यवतमाळला नेता नेता वाटेतच संपलं सगळं. मयतीला सगळा बाजार होता. ज्यांची शटरं तिच्यामुळे उघडी होती ते सगळे त्या दिवशी शटर ओढून आले.

चाळिसाव्या दिवसाचं सगळं झालं आणि एका सकाळी मिस्त्री माझ्या दुकानासमोर उभा. "चावी तुह्यापाशी हाय का?" माझ्यापाशीच होती. मी सोबत गेलो. त्यानं शटर वर केलं आणि यंत्रापाशी बसला. दुपारपर्यंत एका शेतकऱ्याची जळालेली मोटार आली. तार भरताना त्याचं एकही वेटोळं चुकलं नाही.

मी आता संध्याकाळी तिकडे चक्कर मारतो. परवा मी तिथंच होतो तर शेठ आला. शेतातल्या विहिरीवरची मोटार जळालेली, आणि त्याच्या गड्यानं ती दारात आणून ठेवली. शेठ थकलाय आता. गुडघे धरतच आत आला, "काय म्हनतं मिस्त्री," म्हणाला, आणि कोपऱ्यातली ती लाकडी खुर्ची बसायला पुढे ओढली.

मिस्त्रीनं तारेवरून मान वर केली नाही.

"तिथं नका बसू शेठ. खुर्ची तिची हाय."

शेठनं इकडेतिकडे पाहिलं. दुसरी खुर्ची नव्हती. मिस्त्रीनं मोटार खोलायला घेतली, आणि ती खोलून होईपर्यंत शेठ दारात उभाच राहिला.